मदत हवी: पिठ्या ढेकणातच फिरणारी ही पांढरी अळी मारायची की ठेवायची?

राम राम मंडळी. अंबाजोगाईकडं आमची केसरची बाग आहे. कैरी सुपारीएवढी झालीय. बांधाकडच्या ओळीत देठांवर पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) बसलाय, खालच्या पानांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी, खोडावर मुंगळ्यांची रांग. इथवर दरसालचंच.

पण त्याच घोळक्यात एक वेगळी अळी दिसायली. अंगावर मेणाचे लांब पांढरे धागे, ढेकणाहून मोठी अन् चांगली चपळ. दुकानदार म्हणतो, "पिठ्याच मोठा झालाय, इमिडाक्लोप्रिड मारा." वडील म्हणायलेत थांब. मोहोरात तुडतुड्यांसाठी फवारे झालेतच, आता परत औषध नको वाटतंय. कुणाला ओळख पटते का?

प्रतिसाद (परभणी)

भाऊ, वडिलांचं ऐका. वर्णनावरून क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची अळी वाटते. दिसते पिठ्यासारखी, पण खाते पिठ्यालाच, अंड्यांसकट. काडीनं डिवचून बघा: पिठ्या जागचा फारसा हलत नाही, ही सरसर निघते. तिथंच साधारण ४ मिमीचे काळपट भुंगे, डोकं अन् पंखांची टोकं नारिंगी, म्हणजे हिचेच मोठे झालेले किडे, सापडले तर शंकाच नको. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा; १८९८ मध्ये कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणला होता.

खरं काम मुंगळ्यांचं करा. पिठ्या सोडतो त्या गोड चिकट्यापायी ते त्याची राखण करतात अन् ढालकिड्यांना हुसकतात. खोडाला प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून वर ग्रीस लावा, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंगळे तिकडून चढतात. ज्या फांद्यांवर ही अळी नाही, तिथल्या पिठ्यावर साबणाचं पाणी जोरात मारा. काहीजण व्हर्टिसिलियम सुचवतील. पिठ्याला मारणारी चांगली बुरशी आहे, पण तिला दमटपणा लागतो. आपल्याकडच्या मार्चच्या कोरड्या उन्हात मी तरी पैसे घालणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

डिवचून बघितलं, पळाली! भुंगेही सापडले. पट्टी उद्या बांधतो. फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉलचे सापळे लावायचेत, त्यात हे अडकतील का?

प्रतिसाद (परभणी)

त्या वासाला फळमाशीचे नर येतात, ढालकिडे नाही. बिनधास्त लावा. पिवळे चिकट सापळे मात्र त्या ओळीत नकोत, त्यांना मित्र-शत्रू काही कळत नाही.