मदत हवी आहे: राखेचा हिशोब लागला, अणुकचऱ्याचा कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी. राहते पुण्यात, कोथरूडला. माहेर विदर्भात, एका औष्णिक केंद्राजवळ. सासर राजापूर तालुक्यात, जिथे जैतापूरच्या ९९०० मेगावॅटच्या प्रस्तावित अणुप्रकल्पावरून अजूनही घराघरांत वाद आहेत. दोन्हीकडची माणसं एकत्र आली की काय होतं ते सांगायला नको! आता सोसायटीच्या कट्ट्यावर याच विषयावर बोलायचंय.

कोळशाचा हिशोब सोपा गेला. महिन्याला १०० युनिट वीज धरली. आपल्याकडे युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे ७० किलो. देशी कोळशात राख ३० ते ४० टक्के, म्हणजे वीस-पंचवीस किलो राख. त्यातली काही विटा-सिमेंटला जाते, बाकीची केंद्राजवळच्या राखेच्या तळ्यात. कार्बन डायऑक्साइड ९०-१०० किलो. सल्फर आणि पारा वेगळाच. माहेरी आई गच्चीत सांडगे घालते ते जुन्या साडीखाली. साडी झटकली की करडी भुकटी उडते.

तेवढ्याच विजेला जड पाण्याच्या अणुभट्टीत (आपल्याकडच्या बहुतेक भट्ट्या याच प्रकारच्या) नैसर्गिक युरेनियम लागतं जेमतेम २ ग्रॅम, आणि चिमणीतून धूर नाही. हे सांगितल्यावर सासरे म्हणाले, "सूनबाई, ते २ ग्रॅम काय लोणच्यासारखे बरणीत भरून माळ्यावर ठेवणार?" उत्तर सुचलं नाही. शिवाय झारखंडमधल्या जादुगोडा खाणीच्या खनिजात युरेनियम ०.१ टक्क्याहूनही कमी. म्हणजे २ ग्रॅमसाठी दोन किलोहून जास्त दगड फोडायचा आणि उरलेला गाळ तिथल्याच तळ्यात. हा कुणाच्या खात्यावर?

'कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा जास्त किरणोत्सारी' असा एक फॉरवर्डही फिरतोय. खरा आहे का? आणि अणुकेंद्र समुद्रात गरम पाणी सोडतं, त्याने मासळीवर परिणाम होईल असं सासरे म्हणतात, त्याचं काय?

प्रतिसाद:
ताई, फॉरवर्ड अर्धवट आहे. कोळसा जळून जातो, त्यातलं युरेनियम-थोरियम राखेत साठतं. या फॉरवर्डमागची तुलना १९७८ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी केली, पण ती केंद्र सुरळीत चालू असताना परिसरात जे बाहेर पडतं त्याची. वापरलेलं अणुइंधन राखेपेक्षा कितीतरी पटींनी घातक असतं, पण ते हवेत सोडत नाहीत. वर्षानुवर्षं पाण्याच्या टाक्यांत ठेवतात, आपल्याकडे त्यावर पुनर्प्रक्रिया होते आणि उरलेला जहाल कचरा काचेत गोठवतात. सासऱ्यांची बरणी खरीच आहे म्हणा ना!

वजनाचा रकानाच खोडा. कोळसा रोज थोडं थोडं नुकसान करतो, तेही सगळं सुरळीत चालू असताना. अणुवीज रोज जवळपास काहीच करत नाही, पण बिनसलं की जपानमधल्या फुकुशिमासारखी (२०११) दीड लाखाहून जास्त माणसं घर सोडतात. या दोन्हींची बेरीज करू नका, शेजारी शेजारी ठेवा. गरम पाण्याबाबत मात्र सासऱ्यांचं ऐका. जड पाण्याच्या भट्टीची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बाकीची उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि कोळशासारखी थोडी उष्णता चिमणीवाटे जात नाही. त्यामुळे युनिटमागे पाण्यात जाणारी उष्णता जास्त.

धागाकर्ती:
आभार! तारापूरला १९६९ पासून केंद्र चालू आहे, समुद्राचंच पाणी वापरतं. तिथल्या खाडीत जाळं टाकणारं किंवा त्या बाजारात मासळी घेणारं इथे कुणी आहे का? मासळीत काय फरक पडला, ते ऐकायचंय. सासऱ्यांना आकड्यांपेक्षा तेच पटेल.