त्रिकोणातला आकडा पाहून घरी प्लास्टिक वेगळं करायचं का?

रामदासपेठी:
करायचंच. बुडाशी बघा: १ पाण्याची बाटली, २ शाम्पू-फिनाइलचे डबे, ४ दुधाची पिशवी, ५ पार्सलचे डबे. हे चार विकले जातात. ३, ६, ७ बाजूला.

इतवारीकर:
भाऊ, आकडा प्लास्टिकची जात सांगतो, गिऱ्हाईक आहे की नाही ते सांगत नाही. ५ आकड्याचा काळा डबा, आत सावजीची तर्री थिजलेली, कोण उचलतो? वेफर्सच्या पुड्यावर तर कित्येकदा आकडाच नसतो. आतून चंदेरी म्हणजे थर एकमेकांना चिकटवलेले. ते सुटे होत नाहीत, म्हणून फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन. घरात दोनच ढीग पुरे: कडक माल आणि पन्नी. पुढची निवड भंगारवाला हातानं करतो. बाटली चुरली की कडकड वाजते, फिनाइलचा डबा मेणचट लागतो.

रामदासपेठी:
त्या कडक ढिगात गोळ्यांची पाकिटं गेली तर? ती बहुतेक पीव्हीसीची, म्हणजे ३ आकड्याच्या प्लास्टिकची. पेट (पाण्याच्या बाटलीचं, १ आकड्याचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी दोन्ही पाण्यात बुडतात, कारखान्यातल्या पाण्याच्या टाकीत वेगळी होत नाहीत. पेट वितळतं साधारण २५० अंशांवर. तिथवर पीव्हीसी टिकत नाही, आम्ल सोडतं, पेट पिवळं पडतं. अख्खा घाणा बिघडला! हात लावून हे कळत नाही.

इतवारीकर:
मान्य, पाकिटं वेगळी. पण त्यासाठी सात डबे कशाला?

गोधनीवाली:
आणि धुवायचं कशानं? मे महिन्यात नळाची वाट बघायची की पिशव्या घासायच्या?

इतवारीकर:
साबण नकोच ताई, बाटल्यांचा चुरा कारखान्यात गरम कॉस्टिक सोड्यानं धुतात. दुधाची पिशवी भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात हिसळा, तारेवर उलटी टाका. ओली गुंडाळली तर दोन दिवसांत आंबते, अन् पाण्याचं वजन दिसलं की भंगारवाला भाव पाडतो. कोपरा पूर्ण कापू नका, एका बाजूनं लटकता ठेवा. नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही.

गोधनीवाली:
अर्ध्या लिटरच्या तीनशेहून जास्त पिशव्या तेव्हा एक किलो. रोज दोन म्हटलं तर पाच-सहा महिने! तोवर ठेवायच्या कुठं बाप्पा?

रामदासपेठी:
कोरड्या असतील तर एका पिशवीत दाबून मावतात. बाटलीचं झाकण मात्र काढून द्या.

इतवारीकर:
उलट, बाटली चेपून झाकण लावूनच द्या. चुरा पाण्यात पडला की झाकण तरंगतं, बाटली बुडते, आपोआप वेगळं. काढायची ती बाटलीभर घट्ट बसलेली छापील पन्नी. ती बहुतेक वेळा बाटलीसोबतच बुडते.