पाचिस्लो मशीन: रीळं फिरतात, पण लाइट अर्धवट लागते

कृष्णाकाठ_सांगली:
जुनं जपानी पाचिस्लो मशीन आहे (चित्रांची फिरती चाकं, म्हणजे रीळं, बटणांनी थांबवायचं स्लॉट मशीन), घरी शोसाठी ठेवलंय, टोकनवर चालतं. 230 व्होल्टवरून 24 व्होल्ट एसी देणारा ट्रान्सफॉर्मर लावलाय. तिन्ही रीळं फिरतात, आवाजही येतो. पण वरच्या पॅनेलची ट्यूब टोकांना लालसर होते, पेटत नाही. मधल्या रिळामागची लाइट पूर्ण बंद. स्टॉप बटणांचे दिवे दार हलवलं की लागतात, विझतात. फ्यूज शाबूत आहेत. मेन बोर्ड गेला असेल का?

सोल्डरगन_मिरज:
बोर्डाला इतक्यात हात लावू नका. रीळं फिरतायत, आवाज आहे, म्हणजे मुख्य सप्लाय जिवंत आहे.

आधी दार बघा, कारण बटणं दारावर असतात आणि त्यांची वायर बिजागरीजवळून वळते. दार उघडझाप होऊन आतली तार तुटते, वरचं प्लॅस्टिक मात्र धडधाकट दिसतं. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा. मल्टीमीटर बीपवर ठेवून हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, एकेका वायरीच्या दोन्ही टोकांना प्रोब लावा आणि वायर बिजागरीपाशी वाकवत राहा. बीप तुटला की तीच वायर.

तिथेच सोल्डर करू नका. सोल्डर तारांमध्ये वर चढतो, वायर कडक होते आणि कडक भागाच्या कडेलाच पुन्हा तुटते. वाकणारा 15-20 सेंटिमीटरचा तुकडा काढून बारीक तारांची मऊ वायर घाला. जोड वळणाच्या पलीकडे घ्या, एकमेकांसमोर येऊ देऊ नका, प्रत्येकावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. दार पूर्ण उघडल्यावरही वायरला थोडी ढील राहिली पाहिजे.

खटका_सातारा:
रिळासाठी सोपी चाचणी. मशीन बंद करून मधल्या आणि शेजारच्या रिळाचे प्लग अदलाबदल करा. प्लग सारखे असतील तरच, जबरदस्तीनं बसवू नका. चालू केल्यावर मधल्या रिळाची लाइट लागली आणि शेजारची गेली, तर दोष बोर्डाकडून येणाऱ्या वायरीत. मधलं तसंच अंधारात राहिलं, तर त्याच्या दिव्यांच्या पट्टीत. एकच दिवा बंद असता तर बल्ब उडाला म्हटलं असतं. सगळे एकदम गेले म्हणजे बहुतेक कनेक्टर नाहीतर ड्राय जॉइंट (सुटलेलं, चिरलेलं सोल्डर). पावसाळी दमटपणानं पिना काळ्या पडतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, प्लग चार-पाच वेळा काढून घाला.

बल्ब बदलायची वेळ आली तर आधी त्यावरचा आकडा वाचा. काचेच्या बुडाचा 24 व्होल्टचा बल्ब ट्रकच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतो, 12 व्होल्टचा दुचाकीवाल्याकडे. एलईडी घातला आणि लागला नाही तर उलटा फिरवून घाला, त्याला प्लस-मायनस असतं.

सोल्डरगन_मिरज:
ट्यूबचं राहिलं. टोकं लाल होतात म्हणजे फिलामेंट तुटलेलं नाही, पण ट्यूब धरत नाही. कारणं दोनच धरा: ट्यूब म्हातारी झालीय (टोकं काळी पडली असतील) किंवा व्होल्टेज कमी पडतंय. रीळं फिरत असताना ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटवर एसी मोजा, लोड नसतानाचं माप फसवं असतं. 22 ते 26 हवेत. घरातली लाइन 230 वरून 190 वर आली की 24 चे 20 सुद्धा उरत नाहीत, आणि कमी व्होल्टेज सगळ्यात आधी ट्यूबलाच जाणवतं. ट्यूबच्या इन्व्हर्टरच्या (ट्यूबला जास्त व्होल्टेज देणाऱ्या छोट्या सर्किटच्या) आउटपुटला मात्र हात नको, तिथे शेकडो व्होल्ट असतात.

कृष्णाकाठ_सांगली:
लोडवर 23.6 आले. प्लग बदलले तरी मधलं रीळ अंधारातच. ट्यूबची टोकं काळी आहेत. ट्यूबऐवजी एलईडी पट्टी चालेल का?

सोल्डरगन_मिरज:
चालेल. इन्व्हर्टरचा इनपुट प्लग काढून टाका. 12 व्होल्टची, मीटरला 60 एलईडीची साधी पट्टी मीटरला साधारण 0.4 अँपिअर घेते; 40 सेंटिमीटरला 0.16. ती मशीनच्या 12 व्होल्ट डीसी लाइनवर, मध्ये अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घालून जोडा. 24 एसीवर थेट लावली तर जळेल. मधल्या रिळामागची दिव्यांची पट्टी बाहेर काढून कनेक्टरच्या पिनांची सोल्डरिंग भिंगातून बघा. पिनेभोवती बारीक गोल चीर दिसली तर जुनं सोल्डर शोषून घ्या आणि नवं भरा.