मदत हवी आहे: वाळूवर घोडी दमते, तयारी कशी करावी?

दादरचा_स्वार
मंडळी, एन्ड्युरन्सची (घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत) तयारी चाललीये, राइड राजस्थानात आणि बराचसा ट्रॅक वाळूचा. घोडी कडक मैदानावर कितीही ट्रॉट (दुडकी चाल) करते पण अलिबागकडच्या पुळणीवर नेली की मान टाकते, हृदयाचे ठोके लवकर उतरत नाहीत. रोज वाळूवर काढतोय तरी फरक शून्य. वेळ कमी आहे, लवकर सांगा. "डॉक्टरला दाखवा" एवढंच लिहू नका प्लीज.

खोगीरवाली
वय? किती किमीची राइड? कधी? सुकी वाळू की ओली? काहीच लिहिलं नाहीयेस.

नानाकाका
नाल काढून टाका. आमच्या गावी बिननालीचे घोडे आयुष्यभर वाळूत पळाले.

खोगीरवाली
काका, अहो गाव वेगळं, एन्ड्युरन्स वेगळं. मध्ये खडकाळ पट्टा आला की खूर झिजून लंगडेल.

पळपुट्या
मी जुहूला वाळूवर पळतो, पोटऱ्या मस्त होतात. बूट काढून पळा.

नानाकाका
बघा, हेही तेच म्हणतायत.

दादरचा_स्वार
मी पळणार नाहीये हो, घोडी पळणारे! मारवाडी जातीची, ७ वर्षं, ४० किमीची राइड, दोन महिन्यांनी. सुक्या वाळूत कँटर (ट्रॉटपेक्षा वेगाची दौड), तीन आठवडे झाले. ओली वाळू सोपी पडते म्हणून मुद्दाम सुकीत.

खोगीरवाली
तिथेच घोळ आहे. खोल वाळूत पाय रुततो, प्रत्येक पावलाला टेंडनवर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) जास्त ताण. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, टेंडन आणि हाडाला कित्येक महिने लागतात, त्यामुळे घोडा फिट दिसतो आणि पाय मात्र कच्चाच असतो. ओहोटीला पाण्यालगतच्या घट्ट वाळूवर ट्रॉट, सुक्यात फक्त चाल, तीही थोडी, आणि मध्ये कडक जमिनीचे नि सुट्टीचे दिवस. रोज वाळू कशाला?

घाटावरचा
ठोक्यांचं म्हणाल तर मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही. पहाटे काढा, नंतर सावलीत गार पाणी ओतत राहा. व्हेट चेकला (राइडमधली जनावरांच्या डॉक्टरची तपासणी) ठोके मिनिटाला ६४ च्या आत यावे लागतात, घरीच स्टेथोस्कोप लावून मोजायची सवय ठेवा. आणि दाणा वाळूत टाकू नका, पोटात वाळू साठून कॉलिक (पोटशूळ) होतो. लीद बादलीभर पाण्यात कालवून बघा, तळाशी वाळू बसते.

मालाडकर
सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात मारवाडी केवढ्याला मिळते?

खोगीरवाली
त्याला वेगळा धागा काढा. स्वारा, सकाळी काम सुरू करायच्या आधी पुढच्या दोन्ही पायांवर गुडघ्याखाली मागच्या बाजूने हात फिरवलास का?

दादरचा_स्वार
आत्ता मोतद्दाराला (घोडी सांभाळणाऱ्याला) बघायला लावलं. डावा जरा गरम आहे म्हणतो, सूज नाही, लंगडत तर अजिबात नाही. मग आठवडाभर नुसती चालवू का?

खोगीरवाली
लंगडत नाही म्हणून पाय बरा असं नसतं. आज तबेल्यातच ठेव, पायावर गार पाणी सोड. तुला आवडणार नाही, पण अल्ट्रासाऊंड करणारा व्हेट गाठ. किती चालवायची ते स्कॅन बघून ठरेल, आणि तोवर वाळू बंद.

नानाकाका
आणि नाल?