मदत हवी आहे : नॉर्वेजियन जोडनामांची फोड कशी करावी?

नमस्कार. गेले काही महिने मी नॉर्वेजियन शिकत आहे आणि तिथल्या जोडनामांपाशी अडलो आहे. 'नात्त' म्हणजे रात्र, 'तोग' म्हणजे आगगाडी. दोन्ही जोडताना रोमन लिपीतले टी (वरच्या शब्दांतला 'त') हे अक्षर तीनदा यायला हवे, पण लिहितात दोनदाच, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला की वगळलेला टी परत येतो. (आपल्या 'आगगाडी'त मात्र दोन्ही 'ग' शाबूत राहतात.) हा नियम समजला, परंतु अनोळखी शब्द समोर आल्यावर पहिले पद कुठे संपते, हे आघातावरून ओळखायचे की अर्थावरून?

खरी अडचण दोन पदे जोडताना कधीकधी मध्ये येणाऱ्या 'स'ची आहे. 'वीनग्लास', म्हणजे वाइनचा पेला, यात तो नाही; 'रोवीन्सग्लास', म्हणजे लाल वाइनचा पेला, यात तो येतो, कारण 'रोवीन' हे पूर्वपद स्वतःच जोडशब्द आहे, असे मी समजून चाललो होतो. मग 'फोतबाल' हाही जोडशब्दच असताना 'फोतबालकाम्प' (फुटबॉलचा सामना) यात 'स' का येत नाही? नॉर्वेत राहणाऱ्या किंवा ही भाषा शिकवणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगावे, की यामागे काही सूत्र आहे, की प्रत्येक शब्द पाठच करावा लागतो?