वावरातल्या सेन्सर नोडसाठी ईएसपी-३२ (वायफायवाल्या कंट्रोलर चिपचा) बोर्ड चालते का?

संत्रा_पट्टा:
मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत ओलाव्याचे नोड (मातीचा ओलावा मोजून रेडिओनं कळवणारे सेलवरचे डब्बे) लावून रायलो, आंबिया बहाराचा ताण (फुलोऱ्यासाठी पाणी बंद ठेवणं) कधी तोडाचा ते आमच्याकडं अंदाजानंच चालते म्हणून. माझं मत, ईएसपी-३२ चा तयार बोर्ड वावरात नेऊच नका. चिप डीप स्लीपमधे १० मायक्रोअँपच्या आसपास खाते हे खरं, पण बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज बांधून ठेवणारा पार्ट) एकटाच ५ मिलिअँप पिते, वरून तो लाल एलईडी. चिप झोपली तरी २५०० एमएएचचा सेल पंधरा-वीस दिवसात खल्लास. त्यापेक्षा साधा एटीमेगा३२८ (बिनवायफायची कंट्रोलर चिप), एलईडी उपटून, रेग्युलेटरच्या जागी एमसीपी१७०० (तो २ मायक्रोअँपही खात नाही) आणि ८६५ मेगाहर्ट्झचं लोरा (कमी करंटात लांब पाठवणारा रेडिओ), त्या बँडला लायसन लागत नाही. दर १५ मिनिटांनी पॅकेट पाठवलं तरी सरासरी ५० मायक्रोअँप. दोन-तीन वर्षं सेलकडं पाहाचं काम नाही.

बुलडाण्याचा_बंड्या:
विदर्भात उनाची कमी हाय का बे? छोटं सोलर पॅनल ठोक, विषय संपला. अन् तू पुण्याले नोकरीवर गेला का तुह्या हाताचा सोल्डर केलेला नोड कोण दुरुस्त करन, काका? तयार बोर्ड उडाला तर नागपूरहून दुसरा आणला, लावला.

संत्रा_पट्टा:
पॅनल झाडाच्या सावलीत, श्रावणात आभाळ, वरून वानरं. अन् लिथियम आयन ४५ डिग्रीच्या वर चार्ज कराची नसते, मे महिन्यात बंद डब्ब्यात किती होत असन? ते स्वस्त टीपी४०५६ वालं चार्जिंग मॉड्युल गरमी पाहतच नाही, टेंपरेचरची पिन सरळ ग्राउंडले जोडून देतात.

काळी_कसदार:
तुम्ही दोघंही मायक्रोअँपवर भांडून रायले, सेन्सरचं कोण पाहीन? आमच्या यवतमाळकडं काळी माती उन्हाळ्यात अशी फाकते का प्रोबच्या बाजूनं भेग पडते, माती राहते ओली अन् रीडिंग येते कोरडं. दोन दांड्यांचा सेन्सर तर गंजून जाते. कपॅसिटिव्ह (उघडा धातू मातीले न लागणारा) घ्या, पण त्याच्या कडा इपॉक्सीनं बुजवा, तिथूनच पाणी शिरते, अन् कॅलिब्रेशन (रीडिंग जुळवणं) आपल्याच मातीत करा.

बुलडाण्याचा_बंड्या:
ताईंचं पटलं. पण भाऊ, ईएसपीचं रेग्युलेटर नसलेलं नुसतं मॉड्युलही भेटते, लिथियम आयर्न फॉस्फेट सेलवर डायरेक्ट चालते, गरमीतही जरा बरी टिकते. मंग एटीमेगाची जिद्द काहून?

संत्रा_पट्टा:
लोरा लावल्यावर वायफाय बंदच ठेवाचं, मंग त्याचे पैसे काहून देऊ?