मदत हवी आहे: उजनीवर दसऱ्यापासून चिलापीशिवाय गळाला काही लागत नाही

नमस्कार मंडळी. उजनीच्या पाण्यावर गळ टाकणारं इथे कुणी आहे का?

भिगवण आणि पळसदेवच्या मधल्या पट्ट्यात मामेसासऱ्यांचं शेत अगदी पाण्याला लागून आहे. सावली, चहा, बसायला बाज, सगळं आयतं. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसांना विचारूनच बसतो, त्यामुळे ती कटकट नाही. भाद्रपदात दोन रविवारी मिळून चार रोहू आणि साडेतीन किलोचा एक कटला काढला. घरात माझा भाव वधारला होता. दसऱ्यानंतर मात्र चार रविवार कोरडे. म्हणजे चिलापी येते, पण तळहाताएवढी. ती सोडून देतो आणि बहुतेक तीच परत येते.

सामान: दहा फुटी रॉड, साधं रीळ, ०.३० मिमीचं तंगूस (नायलॉनचा दोरा), मोरपिसाचा तरंगा, गळाच्या चार बोटं वर शिसं. पाणी सात-आठ फूट, आमिष तळाला टेकेल असं. शेंगदाणा पेंड आणि कणीक मळून, चिमूटभर हिंग. पहाटे पाचला बसतो, नऊला उठतो. तरंगा थरथरतो, ओढून बघावं तर गळ घासून ठेवल्यासारखा लख्ख.

पाणी इतकं हिरवं झालंय की हात बुडवला तर नखांच्या कडा हिरव्या होतात. मासे मधल्या खोल पाण्यात गेलेत का? होडी घेऊन आत जावं का? आमिष बदलू? जाणकारांनी सांगावं.

गळवेडा: धरण भरलंय म्हणजे पाणी ११७ टीएमसीच्या घरात, उन्हाळ्यात उघडं पडणारं पळसनाथाचं जुनं देऊळ आता पूर्ण पाण्याखाली. एवढ्या पाण्यात मासा पांगतो. धीर धरा, संक्रांतीनंतर या.

करमाळ्याचा_पाहुणा: संक्रांतीपर्यंत माणसाने काय करायचं, पतंग उडवायचे? दादा, आधी सांगा, तुमच्या जागेवर वारा कुठून येतो? भाद्रपदात कुठून यायचा?

धागाकर्ता: तेव्हा समोरून, तोंडावर. पश्चिमेकडचा. चहा कपात राहायचा नाही. आता सकाळी पान हलत नाही, नंतर येतो तो पाठीमागून.

करमाळ्याचा_पाहुणा: मग निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा वरचं पाणी आणि त्यातलं सूक्ष्म खाद्य तुमच्या काठावर लोटत होता, मासा त्याच्या मागे. पाऊस परतला की वारा फिरतो, ईशान्येकडून-पूर्वेकडून यायला लागतो. खाद्य समोरच्या अंगाला गेलं. तुम्ही मात्र बाज हलवली नाही. शेताचं टोक पाण्यात घुसलंय का कुठे? असेल तर त्याच्या पूर्वेकडे तोंड असलेल्या बाजूला बसा. शंभर-दोनशे पावलांचा प्रश्न आहे, होडीचा नाही.

दुसरं म्हणजे पहाटे पाच ही पुस्तकी वेळ सोडा. एवढ्या हिरव्या पाण्यात शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच वापरतं. उजाडता उजाडता पाण्यात तो सगळ्यात कमी असतो, मासा सुस्त असतो. कधीकधी काठाला तोंड वर काढून हापसताना दिसतो, लोक समजतात खायला आलाय. ऊन वर येऊ द्या. साडेआठ-नऊला, म्हणजे तुम्ही उठता तेव्हा, बसा.

पाणकावळा: होडीबद्दल. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. ते पाणी रस्त्यावरून दिसतं तसं तळं नाही, वारा सुटला की लाटा उठतात. जॅकेट असेल आणि सोबत तिथला माणूस असेल तरच.

आता आमिष. कणीक चिलापी टोचून टोचून धुते, तो तिचा धंदाच आहे. मक्याचे दाणे रात्री भिजवून मऊ होईतो उकडा, पण फुटू देऊ नका. दोन दाणे आणि थोडा मोठा गळ. बारक्या चिलापीला ते तोंडात धरता येत नाहीत.

आणि एक विचारायचं होतं. तरंगा फक्त थरथरतो की आणखी काही करतो?

धागाकर्ता: बरं झालं विचारलंत. दिवसातून दोन-तीनदा तो उभ्याचा आडवा होतो, पाण्यावर सपाट पडतो. मला वाटायचं शिसं कुठे बुडालेल्या बाभळीत अडकलं किंवा सुटलं. मी बुडायची वाट बघतो. मग तो आपसूक उभा राहतो, आणि गळ रिकामा.

पाणकावळा: अहो, तोच मासा होता! शिसं गळाजवळ आहे, त्याच्या वजनावर तरंगा उभा राहतो. तळावर चरणाऱ्या माशाने आमिष उचललं की शिसंही वर येतं, वजन गेलं की तरंगा आडवा. बहुतेक मृगळ. त्याचं तोंड खाली वळलेलं, तळच चाटत फिरतो. आडवा पडला की लगेच रॉडला झटका मारा, बुडायची वाट बघू नका.

कटल्याचं उलट. त्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात खातो. तुमचं आमिष तळाला, कटला तीन-चार फुटांवर, भेट होणार कशी? एका रॉडचा तरंगा खाली सरकवून आमिष अधांतरी ठेवा, आणि पेंड घट्ट मळू नका, पाण्यात भुरभुरली पाहिजे.

धागाकर्ता: रविवारचा वृत्तांत. बाज उचलून बांधाच्या पलीकडे नेली (मामा म्हणाले, दिवाळीची सफाई का?). नऊला सुरुवात, मका तळाला. पावणेदहाला तरंगा आडवा. मी सवयीने बघत बसलो, मग तुमचा ओरडा आठवला आणि मारलं. सव्वा किलोचा मृगळ. नंतर एक मोठं काहीतरी लागलं, ते सरळ बुडालेल्या वेड्या बाभळीत शिरलं आणि तंगूस तोडून गेलं. अधांतरी रॉडला फक्त चिलापी, पण ही वीतभर होती, ठेवली.

मृगळाला चिखलाचा वास आला हो. सौभाग्यवतींनी दुसऱ्यांदा ताट घेतलं नाही.

साधी_फोडणी: तो वास शेवाळाचा, हिरव्या पाण्यातल्या माशाला येतो आणि चरबीत मुरतो. कातडी आणि पोटाकडची चरबी काढा. मीठ चोळून तुकडे अर्धा तास चिंचेच्या कोळात ठेवा, ते पाणी फेकून द्या, मग मसाला लावा. वहिनींना आधी सांगू नका कुठला मासा आहे ते.

धागाकर्ता: ताई, आभार. पुढच्या खेपेला जाड तंगूस नेऊ का, की बाभळीपासून लांबच बसू? ०.४० घेतलं तर फेक कमी पडते.

पाणकावळा: लांब बसा. बाभळीत शिरलेला मासा ०.४०नेही येत नाही.